तोंडी होकार

दातांच्या दवाखान्यात फोन आला तेव्हा बेव्हरलीच्या एका हातात रबरी मोजा चढलेला होता आणि दुसरा हात उघडा होता. उघड्या हाताने तिने फोन कानाला लावला. वकिलाच्या कचेरीतली किम बोलत होती, आणि किमचा आवाज नेहमीसारखाच गोड होता, वाईट बातमीही पाकात बुडवून द्यायची तिला सवय होती. "बेव्हरली, जरा वाईट बातमी आहे हं. वॉकली भागातल्या त्या घराचं. सकाळी त्यांच्या वकिलाचा मेल आलाय. मालकांनी दुसऱ्या कुणाची तरी ऑफर घेतलीय." बेव्हरलीला आधी वाटलं, हिने चुकून भलत्याच कुणाची फाईल उघडली असेल. "पण माझी घेतली होती ना त्यांनी? मे महिन्यात? एजंटचं लेखी पत्र आहे माझ्याकडे." "आहे की. पण त्या पत्राला तसा काही अर्थ नसतो. दोन्हीकडचे सह्या केलेले करार एकमेकांकडे पोचेपर्यंत कुणीही मागे फिरू शकतं. तुम्हीसुद्धा फिरू शकला असता." "मी नसते फिरले." "नाही हो, मी कायद्याचं म्हणतेय," किम म्हणाली, आणि मग तिने विचारलं की फाईल बंद करायची का उघडी ठेवायची, दुसरं एखादं घर सापडेपर्यंत. बेव्हरलीने फोन ठेवला आणि दुसऱ्या हातात मोजा चढवायला गेली. तो अंगठ्यापाशी फाटला. दुसरा काढला, तोही फाटला. तिसरा नीट चढला तोवर खुर्चीत एक बसड्रायव्हर येऊन आडवा झाला होता आणि छताकडे तोंड वासून पडला होता, जणू सगळ्या जगाने आपलं कीटण खरवडावं म्हणूनच जन्माला आलेला.

तिने त्याचे दात साफ केले. तो दोनदा कळवळला, आणि दुसऱ्यांदा तिला थोडं बरं वाटलं. हे आपल्याला बरं वाटतंय, हेही तिच्या लक्षात आलं, पण तिने हात हलका केला नाही. अकरा आठवडे. अकरा आठवडे ती त्या घरात मनाने राहत होती. घराची तपासणी करून घेतली, नळांची आणि छपराची माणसं नेली, खाणकामाचे जुने नकाशे मागवले, कारण या शहराखाली कुठे पोकळी असेल सांगता येत नाही. आणि या सगळ्याच्या बुडाशी काय होतं? विसार नाही, साठेखत नाही. एका म्हाताऱ्याचा होकार. तोंडी होकार. पाटी मात्र लागली होती दारासमोर, लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत 'विकले', आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'कराराधीन'. ती दर रविवारी ट्राममधून उतरून तो उभा चढ चढायची, निव्वळ ती पाटी बघायला. वरचं मोठं अक्षर वाचायची. खालचं बारीक अक्षर तिने एकदाही वाचलं नव्हतं. ड्रायव्हर चूळ भरून थुंकला, पाण्यात रक्ताचा दोरा होता. "अरे बापरे," तो म्हणाला, "आज तुम्ही फॉर्मात आहात." तिने पडद्यावर पुढची नावं पाहिली. एक पन्नास, एक शाळकरी मुलगी. दोन पाच, रिकामं. दोन चाळीस: डब्ल्यू. स्टॅनिफर्थ.

त्याने वेळ रद्द केली नव्हती.

घर सापडलं होतं तेच या खुर्चीत. फेब्रुवारीत विल्फ स्टॅनिफर्थ असाच आडवा होता, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पाइपच्या धुराने पिवळ्या पडलेल्या मिश्यांचा, चाळीस वर्षं कात्र्या बनवलेला माणूस. प्रत्येक वेळी यायचा तेव्हा तिच्या हातातला दात खरवडायचा आकडा मागून घ्यायचा आणि नखावर धार पाहायचा. "कुठला गं हा? पाकिस्तानचा? वाईट नाही. आमच्या वेळी असलं लोखंड आम्ही दाराला अडकण म्हणून लावायचो." त्या दिवशी म्हणाला, "घर विकायला काढतोय. गुडघे म्हणतात, पुरे झाला आता तो चढ." बेव्हरलीचे दोन्ही हात त्याच्या तोंडात होते. तिचं हृदय असं काही उडालं की हात तसाच ठेवून तिने विचारलं, "किती खोल्या?" बोलता येत नसल्यामुळे त्याने दोन बोटं वर केली. मग जराशाने तिसरं बोट अर्धं. माळ्यावरची अर्धी खोली. ती हसली, तोही तिच्या बोटांभोवती हसला. त्या दिवशी ती सगळा वेळ बोलत राहिली. परस आहे का, ऊन कुठून येतं, शेजारी कसे आहेत. आणि तो बोटांनी, भुवयांनी, घशातून उत्तरं देत राहिला. जाताना म्हणाला, "दुसऱ्या कुणाच्या घशात घालण्यापेक्षा तुझ्या घातलेलं बरं. निदान तुला घसा माहीत आहे." मे महिन्यात त्याच्या स्वयंपाकघरात त्याने हात पुढे केला. तो हात अजून घट्ट होता, तळव्यावर धातूने केलेले जुने घट्टे होते. "आमच्या चॅपलात हात दिला म्हणजे दिला. कागद काय, वकिलांच्या पोटासाठी असतात. तुझंच समज हे."

तिने समजलं. हाच मूर्खपणा. बावन्न वर्षांच्या बाईने एका वाक्यावर घर समजावं. बेव्हरलीच्या आईने जन्मात काही आपलं समजलं नाही. आईने नऊ भाड्याची घरं बदलली आणि एकाही भिंतीत खिळा ठोकला नाही. लग्नाचा फोटो सुद्धा कपाटावर भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा, दार आपटलं की पालथा पडायचा. "भिंत आपली नाही गं," आई म्हणायची, जशी दुसऱ्याची आई म्हणते की गरम भांड्याला हात लावू नको. त्या वाक्याने बेव्हरलीच्या हातात कायमचं काहीतरी बसलं होतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकोणीस वर्षं राहूनही ती भिंतीला पाठ टेकवून बसत नसे. आणि आता त्या फ्लॅटचा मालकही विकत होता. सप्टेंबरअखेर खाली करा. नोटिशीच्या शेवटी त्याने हसरा चेहरा काढला होता. बेव्हरलीला वाटायचं की असा चेहरा काढणाऱ्या माणसाची बोटं दारात चिरडली पाहिजेत. विल्फचं घर बघायला ती पहिल्यांदा गेली तेव्हा जिन्यातल्या भिंतीवर, जिथून त्याने बायकोच्या तसबिरी उतरवल्या होत्या, तिथे खिळे तसेच होते. आठ खिळे. तिने जिना चढताना ते एकेक हाताने चाचपून पाहिले होते, आणि वर पोचली तेव्हा तिचा श्वास चढाने नव्हे, दुसऱ्याच कशाने लागला होता.

शाळकरी मुलगी आली नि गेली. दोन पाचच्या रिकाम्या वेळात बेव्हरलीने खिडकी उघडली, बंद केली. येणार नाही तो, तिने स्वतःला सांगितलं. लाज असेल तर येणार नाही. आणि आला तर? आला तर म्हणजे त्याला लाज नाही. दोन्ही बाजूंनी तिला त्याचा राग करता येत होता, आणि त्या सोयीने तिला बरं वाटलं. दोन अडतीसला बाहेर त्याची काठी वाजली.

तो आत आला तोच टोपी काढून. एरवी खुर्चीत बसल्यावर काढायचा. कोट नीट खुंटीला लावला, मग उगाच बाहीवरची सुरकुती सरळ केली. "पोरी, सुरू करायच्या आधी जरा बोलायचं होतं तुझ्याशी—"

"आधी आडवे व्हा."

"नाही, म्हणजे तोंडासमोर सांगावं म्हणून मुद्दाम—"

"उघडा."

आज खालची डावी बाजू हिरडीखालून साफ करायची होती, त्याला बधिर करणं भागच होतं. पण नेहमी ती आधी हिरडीला थंड मलम लावायची, दोन गोष्टी बोलायची, सुई दिसणार नाही अशी मागून आणायची. आज यातलं काही केलं नाही. सुई गेली तेव्हा म्हाताऱ्याच्या हाताने खुर्चीची कड धरली. ती मागे सरून स्टुलावर बसली आणि घड्याळाकडे पाहत राहिली. त्याने पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तोवर अर्धी जीभ आणि अर्धा ओठ मेलेला होता. शब्द लाळेसारखा बाहेर आला. "तसं नको," ती म्हणाली, "गाल चावला जाईल. आता मी बोलते. सकाळी फोन आला होता मला. तुमच्याकडून नव्हे. वकिलाच्या पोरीकडून. तुम्हाला नंबर नव्हता का माझा? दर आठवड्याला मी तुम्हाला विचारत होते, घरी काही हवंय का, औषध आणू का. परसातलं ते गुलाबाचं झाड छाटायचं मी बोलले होते. का बोलले होते? तुमच्यासाठी? माझ्या झाडासाठी. हात दिला म्हणजे दिला म्हणालात. चॅपलात बसता ना रविवारी पहिल्या बाकावर? कात्र्या बनवायचात ना तुम्ही, केसाने गळा कापायची विद्या कुठे शिकलात?" विल्फच्या डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची धार हनुवटीवर उतरली. त्याला ती कळत नव्हती. पुसायचा कागद तिच्या मांडीशी होता. तिने तो दिला नाही. त्याचे पाणीदार डोळे तिच्यावर होते, आणि त्यांत भीती नव्हती, तर एक प्रकारची वाट पाहणारी शरम होती, आणि तीच तिला सर्वांत असह्य झाली. तिने दिवा ओढून त्याच्या तोंडावर आणला.

आतल्या बाजूने काम करायचं तर जीभ बाजूला घ्यावी लागते. तिने गॉजच्या तुकड्यात त्याच्या जिभेचं टोक धरलं आणि उजवीकडे ओढलं, गरजेपेक्षा थोडं जास्त. आणि जिभेच्या डाव्या कडेला, मागे, जिथे ती एरवी झाकलेली असते तिथे, तिला ते दिसलं. शेंगदाण्याएवढं. मध्ये लाल, कडेला पांढरट, आणि कड वर उचललेली. तिने मोज्यातलं बोट त्यावर ठेवलं. कडा टणक होत्या. बोटाला एखादी गोष्ट कळली की ती डोक्यापर्यंत जायला वेळ लागत नाही, पण त्या वेळात बेव्हरलीच्या मनातून एक विचार गेला, आणि तो विचार होता: बरं झालं. तो आला तसाच गेला. एखादी घूस रस्ता ओलांडून गटारात जावी तसा. पण तिने ती घूस पाहिली होती, आणि घूस आपल्याच घरातून निघालेली होती.

"हे कधीपासून आहे?" तिने विचारलं. जीभ तिच्या हातात असल्याने त्याला सांगता येणार नव्हतं. ती सोडून उठली, मोजा काढला, आणि पडद्यावर त्याची जुनी नोंद उघडली. फेब्रुवारी. हिरड्यांची मापं, कीटण, पाइप सोडण्याबद्दल सल्ला दिला. आणि त्याखाली तो चौकोन, जो प्रत्येक रोग्याच्या वेळी भरायचाच असतो: जीभ, टाळू, गाल तपासले, सर्व ठीक. चौकोनात बरोबरची खूण होती. समोर तिची आद्याक्षरं होती. फेब्रुवारीत तिने याची जीभ उचलून पाहिली नव्हती. ती विचारत होती, ऊन कुठून येतं.

तिने दवाखान्यातल्या दंतवैद्य डॉक्टर ओसेईंना बोलावलं. डॉक्टर ओसेई वरच्या मजल्यावरून आल्या, दिवा जवळ घेतला, गॉजने जीभ धरली, दोन्ही बाजूंनी पाहिलं, मानेखाली दोन बोटांनी दाबून पाहिलं. आवाज अजिबात न बदलता त्या म्हणाल्या, "मिस्टर स्टॅनिफर्थ, जिभेवर एक जखम आहे, ती मला मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचीय. लगेच. दोन आठवड्यांच्या आत बोलावतील." विल्फने अर्ध्या मेलेल्या तोंडाने काहीतरी म्हटलं. डॉक्टरांना कळलं नाही, बेव्हरलीला कळलं. "काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं. "म्हणतायत," बेव्हरली म्हणाली, "ही माझ्यावर चिडलीय, म्हणून असं सांगायला लावतेय का?" डॉक्टर ओसेई हसल्या, मग दोघांकडे आळीपाळीने पाहून त्यांचं हसू थांबलं. "मी कुणाच्या सांगण्यावरून काही सांगत नाही," त्या म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या. फेब्रुवारीची नोंद तिथेच उघडी होती. बेव्हरली पडदा आणि डॉक्टर यांच्यामध्ये उभी राहिली, हात धुतल्यासारखं करत, आणि कोपराने ते पान बंद केलं.

जाताना दारापाशी तो थांबला. भूल उतरायला लागली होती. "जनीन," तो म्हणाला. ती त्याची मुलगी, फाइली नावाच्या समुद्राकाठच्या गावी राहणारी. "जनीनचं घर लहान. मागच्या बाजूला खोली काढली तर ठेवेन म्हणते. नाहीतर म्हाताऱ्यांच्या आश्रमात. आणि या दुसऱ्या लोकांनी अठरा हजार पौंड जास्त दिले. खोली तेवढ्यात होते. मी तिला म्हटलं, शब्द दिलाय. ती म्हणाली, बाबा, तो शब्द तुमच्या उशाशी येऊन बसणार आहे का रात्री?" त्याने टोपी घातली. "सांगायला आलो होतो." म्हणजे कारण होतं. बेव्हरलीला वाटलं होतं कारण नसेल, निव्वळ हाव असेल, आणि हाव असती तर किती सोपं गेलं असतं. कारण असलेल्या माणसाला शिव्यासुद्धा पुरत्या देता येत नाहीत. "सांभाळून उतरा," ती म्हणाली, "पायऱ्या ओल्या आहेत."

पुढच्या आठवड्यात काउंटरवरची बाई म्हणाली की स्टॅनिफर्थ म्हणून कुणी फोन केला होता, हॉस्पिटलात सोबत यायला कुणी नाही, मुलीला दुकानातून सुटी मिळत नाही, तू येशील का विचारतायत. "कमाल आहे म्हाताऱ्याची! मी सांगते नाही म्हणून." बेव्हरली म्हणाली, "नको, जाते मी." का जाते, हे तिने स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर एकच असतं तर विचारलं असतं. उत्तरं दोन-तीन होती आणि त्यांतलं एकही चांगलं नव्हतं. तिथले डॉक्टर त्याला विचारतील, याआधी कुणी तोंड तपासलं होतं का, कधी, काय सांगितलं. त्या वेळी आपण शेजारी असावं. आणि घर. अजून सह्या झालेल्या नव्हत्या. जे तिच्या बाबतीत खरं होतं, ते त्या दुसऱ्या लोकांच्या बाबतीतही खरं होतं. हे वाक्य तिच्या मनात पूर्ण झालं तेव्हा ती ट्राममध्ये उभी होती, आणि तिने मान फिरवून पाहिलं, कुणी ऐकलं की काय.

तपासणीसाठी जिभेचा तुकडा काढून झाला, आणि दहा दिवसांनी उत्तर ऐकायलाही तीच गेली. तोंडाच्या रोगांच्या विभागात सगळी माणसं तोंड मिटून बसलेली होती. विल्फने चॅपलात घालायचा कोट घातला होता. त्याच्या गुडघ्यांवर हात होते, आणि ते हात एकमेकांना धरायचे, सोडायचे. आत बोलावणं यायचं होतं. तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "पोरी, तुला तोंडातलं कळतं. एक विचारू? हे त्याचंच ना?"

"कशाचं?"

"शब्द फिरवला त्याचं. जनीनचा फोन आला, मी हो म्हटलं, आणि त्याच आठवड्यात ती बाजू दुखायला लागली. चावताना. आधी कध्धी दुखली नव्हती. आमची आजी म्हणायची, ज्या अवयवाने पाप करतो त्यालाच भोगावं लागतं. मी हसायचो तिला." तो हसायला गेला. "जिभेलाच आलं बघ. बरोबर जिभेला. हाताला नाही, गुडघ्याला नाही."

आता फक्त एक वाक्य हवं होतं. हे वाक्य ती रोज रोग्यांना सांगे, भिंतीवरच्या तक्त्यावर ते छापलेलं होतं: असली जखम महिनोन्महिने दुखत नाही, पाइपने होते, दारूने होते, कधीकधी कशानेच होत नाही. दुखायला लागते तेव्हा ती जुनी झालेली असते. तुम्ही शब्द दिलात त्याच्याही आधीची आहे ही, मिस्टर स्टॅनिफर्थ. फेब्रुवारीत होती. आणि या वाक्याच्या मागोमाग दुसरं वाक्य आलंच असतं: फेब्रुवारीत कुणी पाहिली? समोरच्या बाकावर एक बाई मासिक उलटं धरून वाचत होती. बेव्हरलीने तिच्याकडे पाहिलं. "तुमचं तुम्हाला ठाऊक," ती म्हणाली. हे शब्द बोलताना तिच्या आवाजाची धार तिला स्वतःलाच ऐकू आली. चांगल्या पोलादाची धार, जी आधी लागत नाही, मागाहून कळते.

तो बराच वेळ मान हलवत राहिला. मग म्हणाला, "सह्या नाही झाल्या अजून. शुक्रवारी होणार म्हणत होते. एजंटला फोन केला तर—"

"हो," बेव्हरली म्हणाली.

"ठरलेल्या किमतीलाच. जास्त नको मला ते. जनीनला सांगेन मी, पुढच्या खोलीत कोचावर झोपेन. खोली बांधून होईपर्यंत मी असेन का नसेन."

"हो," ती पुन्हा म्हणाली. नर्सने त्याचं नाव पुकारलं. उठताना त्याने टोपी आणि काठी तिच्या मांडीवर दिली, हक्काने, घरच्या माणसाला द्यावी तशी. ती टोपीवर हात ठेवून बसली. टोपी आतून ओली होती. आत्ता, नाहीतर संध्याकाळपर्यंत, या शहरात कुठेतरी एका माणसाचा फोन वाजेल, कदाचित एका हातात मोजा असेल त्याच्या, कदाचित खडू, आणि पलीकडून कुणी गोड आवाजात म्हणेल की जरा वाईट बातमी आहे हं. त्यांना मुलं असतील. नसतीलही. बेव्हरलीने त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पाहिला आणि तिला त्यांचा रागच आला. अठरा हजार जास्त टाकून दुसऱ्याच्या तोंडचा घास काढताना त्यांना कुठे सुचला होता कुणाचा चेहरा? दार उघडून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहूनच उत्तर कळलं. "कापायचीय," तो म्हणाला, "थोडी." आणि मग, जणू तिलाच धीर द्यायला, "तू काळजी करू नको. मी बाहेरूनच एजंटला फोन लावतो."

त्यानंतरचे तीन आठवडे तिने त्याच्याशी फार गोड वागून काढले. सूप करून नेलं, पत्रं वाचून दाखवली. जनीनचा फोन यायचा तेव्हा ती खोलीबाहेर जायची आणि दाराशी उभी राहून ऐकायची. जनीन ओरडायची, बाबा, ती बाई तुम्हाला भूल घालतेय, दात साफ करणारी ती, अक्कल कुठे गेलीय तुमची. तो म्हणायचा, "मी शब्द दिलाय, जनीन," आणि हे वाक्य तो आता चॅपलातली प्रार्थना म्हणावी तसं म्हणू लागला होता, डोळे मिटून. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला करारांची अदलाबदल झाली. किमचा फोन आला. "झालं हं! आता कुणाला हलता येत नाही. देवसुद्धा मागे घेऊ शकत नाही आता." बेव्हरलीने ठीक आहे म्हटलं, आणि पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी तिला किल्ली मिळाली. विल्फला जनीनने हॉस्पिटलातूनच फाइलीला नेलं होतं, सामान एका लहान टेम्पोत गेलं. घर रिकामं होतं, पाइपच्या धुराचा वास भिंतींत मुरलेला होता. स्वयंपाकघरात ओट्यावर त्याने एक कागद ठेवायला लावला होता. अक्षर त्याचंच, मोठं आणि सरळ. बॉयलर अडला तर डाव्या बाजूने एक थाप मारायची. परसाच्या दाराची कडी वर उचलून ओढायची. गुलाब फेब्रुवारीत छाट, त्याआधी नको. आणि खाली, एक ओळ सोडून: 'डॉक्टर म्हणतात मानेतही उतरलंय, आणखी एकदा कापावं लागेल. पण मी शब्द पाळलाय, तेव्हा मला त्याची काळजी नाही. आता तो वरचा बघून घेईल.' खाली जनीनच्या घरचा नंबर.

तिने कागद दोनदा वाचला. मग तो पालथा ठेवला, सगळ्या खोल्यांमधून फिरून आली, दिवे लावून पाहिले, नळ सोडून पाहिले. घर तिचं होतं. कुणी हलवू शकत नव्हतं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच तिला कशाची भीती नव्हती, आणि भीती गेल्यावर जी जागा मोकळी होते तिथे ते न बोललेलं वाक्य येऊन बसलं. आता ते बोलल्याने काहीच गमवावं लागणार नव्हतं. तिने नंबर फिरवला. जनीनने उचलला, नाव ऐकून बापाला दिला.

"हॅलो," तो म्हणाला. तोंडात गोटी ठेवून बोलावं तसा आवाज. मागे समुद्रपक्षी ओरडत होते. "किल्ली मिळाली?"

"मिळाली. मिस्टर स्टॅनिफर्थ, मला तुम्हाला एक सांगायचंय. ते तुम्ही विचारलं होतंत ना, हॉस्पिटलात. ते तसं नाही. शब्दाबिब्दाने काही होत नसतं. ती जखम आधीचीच होती, तुम्ही मला घर देतो म्हणालात त्याच्याही आधीची. फेब्रुवारीत होती. मी तेव्हा पाहायला हवी होती, मी पाहिली नाही. खूण करून टाकली. तुमचा काही दोष नव्हता. तुम्ही कुणालाही विकलं असतंत तरी हे असंच झालं असतं." ती एका दमात बोलली आणि थांबली. पक्षी ओरडत राहिले. जनीनने पलीकडे काहीतरी विचारलं.

"असंच झालं असतं," तो हळूहळू म्हणाला. प्रत्येक शब्द त्याला उरलेल्या जिभेवरून ढकलावा लागत होता. "म्हणजे मी शब्द पाळला, त्याने काही होणार नाही."

"नाही."

"मग आता कशाला सांगितलंस, पोरी?"

त्याच्या आवाजात राग असता तर तिला उत्तर सापडलं असतं. राग नव्हता. तो खरंच विचारत होता. बेव्हरली रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहिली, एक हात ओट्यावर, आणि पलीकडे त्याने फोन ठेवला नव्हता. तो थांबला होता, तिच्या बोलण्याची वाट पाहत.